बोळात न मावलेला सिनेमा

सांगलीच्या गावभागात आमचा बोळ आहे. त्याला गल्ली म्हटलं की पोस्टमनसुद्धा हसतो. समोरून स्कूटर आली की कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं, ती गेली की उतरायचं, आणि चढलोच आहोत तर त्या घरात काय शिजतंय ते विचारून घ्यायचं, अशी इथली वहिवाट. आमचं स्वयंपाकघर माडीवर, समोरच्या काकूंचंही माडीवर. दोन्ही खिडक्यांतून दोन हात बाहेर आले की वाटी इकडून तिकडे जाते, जिना उतरावा लागत नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या वाटीतून विरजण जात आलं आहे. काकूंच्या घरात ताकाचे शौकीन फार, आणि विरजणापुरतं दही बाजूला काढून ठेवायचं काकूंना कधीच सुचलं नाही. आई रोज विरजण द्यायची आणि रोज त्यावरून बोलायची.

काकू जैन. खाली काकांचं हळदीचं दुकान, वर संसार. कांदा-लसूण घरात येत नाही आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलेलं असतं. आमच्याकडे कांद्याशिवाय फोडणीला कुणी फोडणी म्हणत नाही आणि टीव्हीवरच्या बातम्या संपल्याशिवाय ताटं मांडली जात नाहीत. त्यामुळे खिडकीत भांडायला दोघींना विषय आयते मिळत. त्यात काकू पहाटे उठून पाण्याची मोटार लावायच्या आणि आमचा नळ कोरडा पडायचा. वडील गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच उरलो, पण घर कधी शांत वाटलं नाही, त्याचं श्रेय मी त्या मोटारीला देते.

बोळाच्या तोंडाशी अण्णा राहतात. बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, अण्णा पेटीला लागले. त्यांनी गणपतीत करायला एक नाटक लिहिलं, नाव 'संगीत बोळ'. बोळातलीच माणसं, बोळातलीच भांडणं आणि त्यावर पदं. पहिल्या वर्षी ज्यानं त्यानं स्वतःचं काम केलं आणि नाटक साफ आपटलं. स्टेजवर कुणी भांडेचना. मोटार लावायच्या आधी काकू आईची परवानगी मागत होत्या आणि आई त्यांना घागर भरून देत होती. मांडवात बसलेल्या लोकांनी हा बोळ कुठला म्हणून विचारलं.

अण्णा चिडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नियम केला की कुणी आपलं स्वतःचं काम करायचं नाही, समोरच्या घरातल्या माणसाचं करायचं. तिथून नाटक उभं राहिलं. आई काकू झाली आणि काकू आई झाल्या. काकूंनी पदर खोचला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "माझं काही म्हणणं नाही, पण" असं म्हणायला सुरुवात केली. मांडव कोसळायचा बाकी राहिला. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकत होते आणि कधी लक्षातही आलं नव्हतं. आईनं मग जी काकू केली, ती दर दोन वाक्यांनी आभाळाकडे बघायची, सूर्य कुठवर आलाय याचा अंदाज घ्यायची आणि अर्धं वाक्य तोंडात ठेवून जेवायला पळायची. त्यानंतर दोघींनी कोजागरीपर्यंत अबोला धरला. वाटी मात्र चालू होती, एकमेकींकडे न बघता.

पुढे दरवर्षी नाटक होत गेलं आणि एक विचित्र प्रकार झाला. आई आधी कधी कमरेवर हात ठेवत नसे. काकूंनी तिचं काम इतकी वर्षं इतकं झोकात केलं, की हळूहळू आई घरातही तशीच उभी राहायला लागली. काकूही भर दुपारी उगीच आभाळाकडे बघू लागल्या. मी नाटकात प्रॉम्प्टर. मला गाता येत नाही आणि दुसऱ्याची चूक सहन होत नाही. शाळेत गणित शिकवायला आणि विंगेत उभं राहायला एवढी पात्रता पुरते.

नाटकातलं गाजलेलं पद म्हणजे खिडकीचं. स्टेजवर दोन चौकटी समोरासमोर बांधायच्या आणि त्यातून दोघींनी गायचं. आधी काकू, म्हणजे नाटकातली आई, सूर लावायच्या: "पहाटे मोटार लावलीस बाई, नळ माझा रडतो." मग अण्णांची पेटी थोडी रेंगाळायची आणि आई, म्हणजे नाटकातली काकू, उत्तर द्यायची: "रडू दे थोडा, त्याच्याच सुराने बोळ सारा उठतो." असं एकमेकींची उणीदुणी काढत पद चढत जायचं आणि शेवटी एकदम खाली यायचं. आई म्हणायची, "भांडण उद्या, आज विरजण दे." काकू म्हणायच्या, "वाटी धर गं, खिडकीतून घे." खरोखरची वाटी इकडून तिकडे जायची आणि पडदा. त्याला वन्स मोअर पडला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून भांडण आणि पुन्हा वाटी.

एका वर्षी मुंबईचा एक दिग्दर्शक लग्नाला म्हणून सांगलीत आला होता. कुणीतरी त्याला मांडवात आणून बसवलं. नाटक संपल्यावर तो अण्णांचा हात धरून, यावर सिनेमा करायचा म्हणाला. अण्णा आठवडाभर जमिनीपासून थोडे वर चालत होते.

त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात कृष्णा पुन्हा बोळात येऊन गेली होती. काकूंच्या दुकानातली हळदीची पोती भिजली आणि बोळभर पिवळं पाणी साचलं. काका म्हणाले, नदी हळदीकुंकवाला आली. ते हसून म्हणाले खरं, पण त्यांच्या मुलाला काही हसू आलं नाही. तो साताऱ्याला नोकरीला, तिथंच त्यानं घर बांधलेलं. दुकान बंद करा आणि आता इकडे या, असं त्यानं आईबापांना बजावलं. काकू, सिनेमा होऊ दे मग येते, एवढ्यावर तयार झाल्या.

आई रोज वाटी देतच राहिली. फक्त विरजण देताना बोलायची बंद झाली, आणि त्यानं मला धडकी भरली. शेवटी एका सकाळी भाजी निवडता निवडता तिनं सांगून टाकलं.

"ती गेली तरी सिनेमात खिडकीत राहील. मला बघावंसं वाटलं तर तिकीट काढून बघेन."

तेव्हा मला कळलं की आईला सिनेमाचं काही पडलेलं नाही, तिला फक्त ते खिडकीचं पद हवं आहे. त्या दिवसापासून मलाही तेच हवं झालं.

दिग्दर्शक बोळ बघायला आला. डोळ्यासमोर बोटांची चौकट धरून तो खिडक्यांकडे बघत मागे मागे जाऊ लागला. दोन्ही खिडक्या एका चौकटीत बसेनात. आणखी मागे, आणखी मागे, असं करत तो किराणा दुकानात शिरला आणि बटाट्याच्या पोत्यावर बसला. तिथूनच त्यानं जाहीर केलं, की बोळ अप्रतिम आहे पण कॅमेरा आत येत नाही, तेव्हा शूटिंग वाईला करू, तिथले रस्ते ऐसपैस आहेत. बोळावरचा सिनेमा ऐसपैस रस्त्यावर कसा होणार हे मी विचारणार होते, पण अण्णांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मग अण्णांच्या माजघरात त्यानं आई आणि काकूंची परीक्षा घेतली. नाटकातल्यासारखं करू नका, तो आईला म्हणाला, घरी असता तशा वागा. नियम मोडून स्वतःचं काम करायची ही पहिलीच वेळ. आई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, जरा विचार केला आणि काकू जशी तिची नक्कल करतात तशी आई करून दाखवली. पदर खोचून, कमरेवर हात, माझं काही म्हणणं नाही पण. दिग्दर्शक म्हणाला, हा अभिनय झाला, मला खऱ्या तुम्ही हव्यात. आईनं मागे वळून काकूंना विचारलं, "काय गं, मी आणिक कशी हाय?" काकूंना सांगता येईना. पुढे काकूंनी स्वतःला केलं तेव्हा आभाळ दिसायला खिडकीच नव्हती, म्हणून त्या छताकडे बघत राहिल्या. दिग्दर्शकानं वहीत काहीतरी लिहिलं आणि दोघीही छान आहेत, पण एकसारख्याच आहेत, असं म्हणाला. त्या वाक्यात पुढचं सगळं आलं होतं, फक्त आम्हाला कळलं नाही.

शूटिंगला सगळा बोळ टेम्पो करून वाईला गेला. आम्हाला गर्दीत काम होतं. घाटावर उतरल्या उतरल्या आईनं कृष्णेकडे बघितलं आणि हेच पाणी पुढं आपल्याकडं येतंय म्हणाली. काकू म्हणाल्या, त्याला इथंच अडवा म्हणावं. गर्दीच्या कामात मुरलेली वाईचीच एक बाई आमची देखरेख करत होती. आम्ही चालायला लागलो की ती डोक्याला हात लावायची, कारण आमच्यातला प्रत्येक माणूस सवयीनं समोरच्या घरातल्या माणसासारखा चालत होता. किराणावाले अण्णांसारखे खोकत होते आणि अण्णा किराणावाल्यांसारखे पोटावरून हात फिरवत होते. "आवं, तुमी तुमच्यावानी चाला की," ती म्हणाली. तेवढंच आम्हाला जमत नव्हतं.

तिथं आम्हाला नटी दिसली. पोरगी गोड होती, आईच्या पायाही पडली. तिनं कांदा चिरायला घेतला तशी आई खूश झाली आणि ही मी, असं मला म्हणाली. दुसऱ्या दृश्यात तीच नटी आभाळाकडे बघून घाईनं जेवायला बसली. काकू म्हणाल्या, ही तर मी. मग आईनं दिग्दर्शकाला गाठलं. त्यानं समजावून सांगितलं, की सिनेमात इतकी पात्रं पेलत नाहीत, म्हणून दोघींची मिळून एक बाई केली आहे. कांदा परतणारी आणि सूर्यास्ताआधी जेवणारी. काकूंना त्या बाईच्या धर्माची काळजी लागली. आईला मात्र एकच विचारायचं होतं.

"मग खिडकीत समोर कोण?"

समोर कुणी नाही, तो म्हणाला. रस्ताच एवढा रुंद आहे की वाटी पोचणार नाही. म्हणून पद ती एकटीच म्हणेल, समोरची खिडकी बंद असेल आणि त्यातून तिचा एकटेपणा दिसेल. हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. माणूस वाईट नव्हता, त्याला ते खरंच सुंदर वाटत होतं. आईचे हात कमरेवर गेले. माझं काही म्हणणं नाही, हे ती त्या दिवशी म्हणाली नाही.

"आमच्या बोळात एकटं पडायला जागाच नाही," ती म्हणाली. "आहे तो मायेचा माणूस साताऱ्याला चाललाय. निदान सिनेमात तरी खिडकी उघडी ठेवा."

मायेचा माणूस हा शब्द आईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. काकूंनीही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण त्या पिशवीत डबा शोधायचं थांबल्या. दिग्दर्शकाला वाईट वाटलं, पण संध्याकाळचा तांबूस उजेड यायला लागला होता. त्या उजेडासाठी तो दिवसभर थांबला होता, आणि तो काही पुन्हा मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी नटीला दुसरीकडे जायचं होतं. त्यानं आम्हाला आपापल्या जागी उभं राहायला सांगितलं. काकूंना नटीच्या खिडकीखालच्या पायरीवर बसवलं, त्यांच्या मागे आईला उभं केलं. सगळं शांत झालं, नटीनं सूर लावला आणि काकूंनी मांडीवर डबा उघडून पहिला घास घेतला.

दिग्दर्शक ओरडत आला. काकू शांतपणे चपातीचा तुकडा मोडत होत्या.

"तुमचा उजेड चाललाय तसा माझाही चाललाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते."

वाद घालायला वेळ कुणाकडेच नव्हता. सूर्य डोंगराला टेकला होता. तसंच घेऊन टाकलं.

दिवाळी झाली आणि काकू साताऱ्याला गेल्या. जायच्या दिवशी दोघींनी मोटारीवरून कडकडून भांडण केलं, ती विकायची की ठेवायची यावर, आणि त्या नादात निरोप घ्यायचा राहून गेला. समोरची खिडकी बंद झाली. आमच्या नळाला आता पहाटे धो धो पाणी येतं. आई त्या आवाजानं जागी होते आणि नळालाच शिव्या देते. दह्याचं विरजण ती सवयीनं दोन वाट्यांत काढायची, आणि एक मग दुपारी मीच खायचे.

सिनेमा लागला तेव्हा काकू सकाळच्या एसटीनं आल्या. दुपारच्या खेळाला आम्ही सगळा बोळ रांगेनं बसलो. सिनेमा बरा होता. लोक हसत होते, अण्णांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतले लोक अण्णांना शोधायला लागले. मग ते पद आलं. तांबूस उजेड, एकटी नटी खिडकीत, समोरची खिडकी बंद. आणि पडद्याच्या कोपऱ्यात पायरीवर बसून, जगात काहीही चाललेलं असलं तरी आपल्याला त्याचं काही नाही अशा चेहऱ्यानं, काकू जेवत होत्या. त्यांच्या मागे कमरेवर हात ठेवून, दिग्दर्शकाला खाऊ की गिळू करत, आई उभी होती. एकटेपणाच्या पदात आमच्या दोन बायका ठाण मांडून होत्या. मला हसू आवरेना.

नटीनं म्हटलं, "नळ माझा रडतो." व्हायोलिन रेंगाळलं. नाटकात इथं पेटी रेंगाळते आणि कलाकार विसरला तर मी सांगते. इतक्या वर्षांची सवय, अंधारात माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं: "रडू दे थोडा." आणि माझ्या शेजारून आईनं भर थिएटरात खणखणीत आवाजात ओळ उचलली. "रडू दे थोडा, त्याच्याच सुराने बोळ सारा उठतो."

आधी कुणीतरी श्श केलं. मग मागून कुणीतरी वन्स मोअर म्हणालं. पडद्यावरच्या पोरीला काही ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ती खिडकीत रडू लागली, पाऊस पडू लागला आणि पद तिथंच संपलं. विरजणाच्या ओळी सिनेमात घेतल्याच नव्हत्या. आई तोंड उघडं ठेवून थांबली होती, आता पुढचं येईल म्हणून. मी तिचा हात धरला. पलीकडून काकूंनी दुसरा धरला होता.

बाहेर आल्यावर काकूंना परत जायचं होतं. मुक्काम करा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण घरी काकांना एकटं ठेवून त्या आल्या होत्या. आईचा चेहरा उतरला होता. सिनेमात तू जेवतेस तेवढी दिसलीस, इतकंच ती म्हणाली. वाटेत घरापाशी ती वर गेली आणि पिशवी घेऊन आली.

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली होती. काकूंना खिडकीजवळची जागा मिळाली. आई खाली उभी राहिली, आम्ही मागे. कंडक्टर दारात चढला. मग काकूंनी खिडकीची काच मागे सारली.

"तिकडं दही लागत नाही गं," त्या म्हणाल्या. "विरजण दे."

आईनं पिशवीतून झाकणाची वाटी काढली आणि टाचा उंचावून वर धरली. वरून काकूंचा हात आला. अंतर आमच्या बोळातल्याइतकंच होतं, थोडं तिरकं.

"आवं मावशी, सरा की मागं, गाडी हालतीय," कंडक्टर म्हणाला.

मी मागे उभी होते. विसरलं तर सांगायचं म्हणून ओळ माझ्या ओठांवर तयार होती, पण सांगावी लागली नाही. विरजण काकूंनी मागितलं होतं आणि वाटी आईनं दिली होती. अण्णांच्या नियमात हे बसत नव्हतं. दोघी आपापलं काम करत होत्या.

"रोज एक चमचा बाजूला काढून ठेव," आई गाडीबरोबर चालत सांगत होती. "आणि संपलं तर ये. मला करमत नाही."